घोडे येताहेत, कुठे उभं राहायचं?

शहरात समारंभाचं घोडदळ संचलन असलं की आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं घर निघतं. अशा सहलीबद्दल आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न.

दोन तास आधी जाऊन पुढची जागा धरावी का? घोडे नेमके किती वेळ दिसतात?

अर्धा मिनिट. ही थट्टा नाही, हिशोब करून बघा. साध्या चालीने जाणारा घोडा ताशी साधारण साडेसहा किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.८ मीटर जातो. समजा ४८ घोडे चार-चारच्या ओळीत निघाले, तर बारा ओळी होतात. घोडा नाकापासून शेपटीपर्यंत सुमारे २.४ मीटर लांब असतो आणि दोन ओळींमध्ये तेवढंच अंतर ठेवलं, तर अख्खा ताफा ५५ मीटरचा. तुमच्यासमोरून तो ३० सेकंदांत जाईल; दुडकीत असेल तर पंधरा सेकंदांत. दोन तास ताटकळलेलं मूल नेमकं तेवढ्यात ‘शू आली’ म्हणतं.

म्हणून घोडे जातात तिथे उभं राहण्यापेक्षा ते थांबतात ती जागा शोधा. ते जिथे जमतात तिथे खोगीर चढतं, तंग (खोगीर पोटाखालून बांधायचा पट्टा) आवळला जातो, थोड्या वेळाने तो पुन्हा तपासून आणखी आवळला जातो (खोगीर बसलं की तंग सैल पडतो), आयाळ विंचरली जाते, ओळी लागतात. लहान मुलांना संचलनापेक्षा हेच जास्त आवडतं. तिथे सोडत नसतील तर परतीचा रस्ता विचारून घ्या. जाताना आणि येताना एकाच रस्त्याने ताफा जाणार असेल, तर एका जागेत दोनदा बघायला मिळतं, शिवाय परतताना गर्दीही पांगलेली असते.

रस्त्यावरच उभं राहायचं तर सरळ भाग निवडा. वळणावर छायाचित्र छान येतं हे खरं, पण घोड्याचा मागचा भाग तिथेच बाहेर फेकला जातो आणि पाय घसरण्याची शक्यताही तिथेच जास्त. लोखंडी नाल आणि गुळगुळीत डांबर यांचं जमत नाही. रस्त्यावरचे रंगाचे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि ओला रस्ता तर आणखी वाईट. रस्त्यावर चालणाऱ्या घोड्यांच्या नालांत म्हणूनच टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाच्या टोकाचे खिळे बसवतात. त्याने घसरण कमी होते, थांबत नाही. ध्वनिवर्धकाखालीही उभे राहू नका. घोड्यापेक्षा तुमच्याच बाळाच्या कानांना त्रास होईल. दोर बांधलेला नसेल तर घोड्यांपासून किमान तीन मीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या चार ढांगा, मागे राहा. मागच्या पायाची लाथ दोन मीटरपर्यंत सहज पोचते.

तीन वर्षांची मुलगी, बाबागाडीत बाळ आणि पावसाची शक्यता. फुगे, छत्री नेली तर चालेल का?

फुगे घरीच ठेवा. छत्रीऐवजी रेनकोट न्या. कारण घोड्याच्या डोळ्यात आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांचं दिसतं. शेपटीमागचा आणि कपाळासमोर-नाकाखालचा तुकडा तेवढा दिसत नाही. रंगांपैकी निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, लाल-हिरव्यातला फरक मात्र फारसा कळत नाही. तेव्हा ‘लाल कपडे घालू नका’ या सल्ल्यात अर्थ नाही. रंगाने घोडा बुजत नाही, अचानक झालेल्या हालचालीने बुजतो. फटकन उघडलेली छत्री, वाऱ्यावर फडफडणारी प्लास्टिकची पिशवी, दोरीवर हेलकावणारा फुगा या खऱ्या अडचणी.

सगळ्यात जास्त होणारी चूक वेगळीच आहे. घोडे अगदी समोर आले की बाबा मुलीला उचलून खांद्यावर घेतात. घोड्याच्या बाजूने पाहा: आत्तापर्यंत बुटका असलेला आकार एकदम दोन डोक्यांचा आणि पावणेदोनाचा दोन मीटर उंच झाला. उचलायचंच असेल तर घोडे पन्नास-साठ मीटर लांब असतानाच उचला आणि शेवटची ओळ जाईपर्यंत उतरवू नका.

बाबागाडीचा ब्रेक लावा, ती उताराच्या दिशेने उभी करू नका आणि वरचं छत आधीच उघडं किंवा आधीच बंद ठेवा. घरात कुणाला दमा असेल तर नेहमीचा पंप खिशात असू द्या आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. घोड्याच्या कोंड्याने काहींना त्रास होतो.

‘तो लंगडतोय का’, ‘तोंडातून फेस का येतो’ असं मुलं विचारतात. काय सांगावं?

उभ्या घोड्याने मागचा एक पाय मुडपून खुराचं टोक जमिनीला टेकवलं असेल तर तो आराम करतोय. उरलेले तीन पाय वजन पेलतात आणि थोड्या वेळाने तो पाय बदलतो. पुढचा पाय मात्र तो सारखा पुढे काढून ठेवत असेल तर दुखत असण्याची शक्यता आहे. चालताना पुढचा पाय दुखत असेल, तर दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मुलांना हे एकदा दाखवा, मग ती प्रत्येक घोडा तपासत बसतात.

तोंडाचा फेस म्हणजे लगामाची कडी चघळून आलेली लाळ. थोडासा असणं चांगलंच. मानेवर, लगाम घासतो तिथे, पांढरा साबणासारखा फेस दिसतो तो घामाचा. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, घासलं की त्याचा फेस होतो.

कानांकडे लक्ष ठेवा. एक कान पुढे, एक मागे म्हणजे तो स्वाराचं ऐकतोय. दोन्ही कान मानेला चिकटवले तर तो चिडलाय.

निवेदक ‘सोळा हँडचा घोडा’ म्हणतात. म्हणजे किती?

एक हँड म्हणजे चार इंच, १०.१६ सेंटिमीटर. सोळा हँड म्हणजे सुमारे १६३ सेंटिमीटर. ही उंची डोक्यापर्यंत नव्हे, मानेच्या मुळाशी खांद्यावर जो उंचवटा असतो तिथपर्यंत मोजतात. १५.२ म्हणजे पंधरा हँड आणि दोन इंच. तो दशांश नव्हे. याचं भाषांतर ‘सोळा हात’ असं करू नका. आपला हात दीड फुटाचा, म्हणजे घोडा चोवीस फुटांचा होईल!

नाल ठोकताना घोड्याला दुखत नाही?

नाही. खिळा खुराच्या बाहेरच्या कवचात जातो आणि त्यात आपल्या नखासारख्याच संवेदना नसतात. खिळा आतल्या बाजूला चुकला तर मात्र दुखतं. खूर वाढत राहतो, म्हणून साधारण सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा बसवतात.

घोडा उधळला तर?

शिकवलेला घोडाही उधळतो. २४ एप्रिल २०२४ रोजी लंडनमध्ये सरावाला निघालेले लष्करी घोडे बांधकामाचं सामान उंचावरून पडल्याच्या आवाजाने उधळले आणि शहरातल्या रस्त्यांवरून कित्येक किलोमीटर पळाले. बँडच्या आवाजाची सवय असलेले घोडेही अनपेक्षित धडाक्याने बुजतात.

तुम्ही लगाम धरायला जाऊ नका, हात पसरून आडवे होऊ नका, ओरडू नका. रस्ता ओलांडून पळणं सगळ्यात वाईट. खांब, भिंत, उभी गाडी जे मिळेल त्याच्या आड बाजूला व्हा, मूल भिंत आणि तुम्ही यांच्या मध्ये. सुटलेला घोडा बहुतेकदा बाकीच्या घोड्यांकडे किंवा आल्या वाटेने जातो, त्यामुळे तो आणि ताफा यांच्या मध्ये राहू नका. पकडायचं काम घोडे सांभाळणारे मोतद्दार आणि स्वारांचं.

संपल्यावर मुलांना हात लावू द्यावा का? गाजर चालेल?

स्वाराने हो म्हटलं तर. मागून जायचं नाही, थेट नाकासमोरूनही नाही; बाजूने, खांद्याच्या रोखाने, आधी काहीतरी बोलत. मान किंवा खांद्यावर सपाट हात फिरवा. नाक थोपटायची मुलांना फार हौस असते, घोड्यांना ती नसते. गाजर नको. तोंडात लगामाची कडी असताना खाणं नीट चावलं जात नाही, आणि चिमुकली बोटंही गाजरासारखीच दिसतात. चपला घालून जवळ जाऊ नका. पाचशे किलोच्या घोड्याचा खूर बोटांवर पडला तर तो मुद्दाम पडलेला नसतो, पण हाड मोडतं.

फोनमध्ये सगळे घोडे पाय अडकल्यासारखे दिसतात. काय चुकतं?

वेळ. दुडकीत पायांच्या तिरक्या जोड्या, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, एकत्र पडतात आणि मध्ये क्षणभर चारही पाय हवेत असतात. तो क्षण पकडायला कॅमेऱ्याच्या शटरला एका सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ ठेवा, एकामागोमाग दहा-बारा फोटो काढा आणि त्यातला एक ठेवा. आधीच खाली बसा, म्हणजे घोड्यामागे गर्दीऐवजी आकाश येईल. फ्लॅश बंद. भरधाव घोड्याचे चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. १८७८ साली छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून ते दाखवलं. त्याआधीच्या कितीतरी चित्रांत पाय पुढे-मागे ताणून पळणारा घोडा काढलेला दिसतो, आणि मुलं आजही तसाच काढतात.