शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचं ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न असा आहे: पदव्युत्तर शिक्षण झालंय, भौतिकशास्त्र मनापासून आवडतं, शाळेत वरच्या वर्गांना शिकवायची नोकरी समोर आहे, पण वर्षानुवर्षं तेच न्यूटनचे नियम फळ्यावर लिहून डोकं गंजेल आणि संशोधनाची वाट कायमची बंद होईल, अशी धास्ती वाटते. माझी उमेदीची वर्षं याच कामात गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धडे तेच राहतात, हे खरं. पण वर्गात उभं राहिलात की तुमच्या अभ्यासाचा विषयच बदलतो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात प्रकाशाचं, बलाचं, विजेचं एक चित्र आधीच तयार असतं. ते चित्र नेमकं कसं आहे आणि कुठे अडतंय, हे शोधणं हेच तुमचं काम होतं. आणि त्याला अंत नाही.

एक प्रयोग सांगतो. बहिर्गोल भिंगाने मेणबत्तीची उलटी प्रतिमा पडद्यावर घ्या. मग विचारा, भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला तर काय होईल? उत्तर प्रत्येकाला वहीत लिहायला लावा, कारण तोंडी विचारलं की हुशार मुलाच्या मागे सगळा वर्ग जातो. बहुतेक जण लिहितात, अर्धी प्रतिमा नाहीशी होईल. वरची की खालची, यावर वादही रंगतो. पुठ्ठा लावल्यावर मेणबत्ती अख्खीच दिसते, फक्त अंधूक होते. कुणीतरी हमखास उठून खालून झाकून बघतं, आडवं झाकून बघतं. तेव्हा लक्षात येतं की घोटाळा पुस्तकातल्या आकृतीपासून सुरू झालाय. आपण सोयीसाठी दोन किरण काढतो आणि मुलं समजतात की किरण दोनच असतात. खरं तर ज्योतीच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला प्रकाश भिंगभर पसरतो आणि पडद्यावर पुन्हा एका बिंदूत जमतो. अर्धं भिंग झाकलं की प्रत्येक बिंदूला पोचणारा प्रकाश कमी होतो, बिंदू एकही गळत नाही. म्हणून मी आधी एकाच बिंदूतून भिंगभर जाणारे भरपूर किरण काढतो. सोयीचे दोन किरण त्यानंतर.

हे फक्त शाळकरी मुलांचं होतं असं समजू नका. अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हेस्टीनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाबद्दलच्या अगदी साध्या, आकडेमोड नसलेल्या प्रश्नांच्या चाचण्या तयार केल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली १९९२ची. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी तशी चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहायची, की मला वाटतं त्याप्रमाणे? अवघड गणितं सोडवणाऱ्या मुलांच्या मनातही जुनं चित्र शाबूत होतं. मझूर यांनी त्यानंतर आपली शिकवण्याची पद्धतच बदलली. शाळेतल्या शिक्षकाला हे चित्र पक्कं व्हायच्या आत गाठता येतं, आणि मला हे काम फार मोलाचं वाटतं.

आता रोजचं. शिकवण्यापेक्षा तयारीत आणि पेपर तपासण्यात जास्त वेळ जातो. प्रयोग आदल्या दिवशी त्याच टेबलावर, त्याच साहित्याने करून बघावा लागतो. हवा दमट असेल तर स्थिर विद्युतचे प्रयोग दगा देतात, कारण प्रभार टिकत नाही. अॅमीटर, म्हणजे वीजप्रवाह मोजायचं उपकरण, थेट सेलच्या दोन टोकांना जोडणारं कुणीतरी दर वर्गात असतं, तेव्हा फ्यूज जवळ ठेवा. पहिली दोन-तीन वर्षं दमवतात. नंतर हात बसतो.

संशोधनाबद्दल म्हणाल तर गेओर्ग ओहम कोलोनच्या शाळेत शिकवत असताना तिथल्याच उपकरणांवर तारांमधून वाहणारी वीज मोजत होता. या कामावरचं त्याचं पुस्तक १८२७ साली आलं. योहान बाल्मर बासेलला मुलींच्या शाळेत गणित शिकवायचा. हायड्रोजनच्या वर्णरेषांचं, म्हणजे त्याच्या प्रकाशात दिसणाऱ्या ठरावीक रंगांच्या रेषांचं, सूत्र त्याने १८८५ मध्ये मांडलं, तेव्हा तो साठीला टेकला होता. आज शाळेत राहून असलं काही हातून होणं अवघड आहे, तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. प्रयोगशाळेतलं मूलभूत संशोधन हाच तुमचा ध्यास असेल तर ही नोकरी घेऊ नका. पण मुलं कशी शिकतात, कुठे अडतात, याचं संशोधन तुमच्या वर्गातच होऊ शकतं आणि ते करणारे शिक्षक कमी आहेत.

बढतीचा विचार मात्र आत्ताच करून ठेवा. या पेशात वर चढायचं म्हणजे बहुधा वर्गाबाहेर जायचं: मुख्याध्यापकी, वेळापत्रकं, बैठका. ज्याला शिकवण्यातच गोडी आहे त्याने पाठ्यपुस्तकं लिहावीत, नव्या शिक्षकांना प्रयोग शिकवावेत. त्यात वर्ग सुटत नाही.

होकार देण्याआधी शाळेची प्रयोगशाळा स्वतः बघून या. कपाटं उघडायला सांगा. उपकरणांवर धूळ असेल तर काय ते कळेल. प्रयोगशाळा सहायक आहे का, प्रयोगाला सलग दोन तास मिळतात का, एका गटात किती मुलं असतात, हे विचारा. आणि जमल्यास तिथल्या एखाद्या शिक्षकाच्या तासाला परवानगी घेऊन मागच्या बाकावर बसा.