आयर्लंडच्या लढ्याला अमेरिकेतून पैसा दिला तो कोणी?

'आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा अमेरिकेतल्या गडगंज आयरिश लोकांच्या पैशावर चालला, हे खरं का?' असा प्रश्न आहे. अमेरिकेतून पैसा आला हे खरंच. १९१६च्या उठावात वाचलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात अमेरिकेतल्या परागंदा लेकरांचा उल्लेख उगाच आलेला नाही. पण 'गडगंज' हा शब्द मला फार खटकतो.

१८४५पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त देशोधडीला लागली. बॉस्टन-न्यूयॉर्कला उतरलेल्या कितीतरी बायका लोकांच्या घरी स्वयंपाक, धुणीभांडी करायच्या. पुरुष गोदीत हमाली नाहीतर रेल्वेची खोदाई. घरी पैसे धाडून जे उरे, त्यातून चळवळीची वर्गणी निघायची. अशाच वर्गण्यांवर क्लॅन-ना-गेल या गुप्त संघटनेने देवमाशांच्या शिकारीचं 'कॅटाल्पा' जहाज घेतलं आणि १८७६ मध्ये थेट ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून सहा फेनियन, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या गुप्त क्रांतिकारी चळवळीतले, कैदी सोडवून आणले.

सगळ्यात बोलके आहेत ते १९२०चे रोखे, म्हणजे आयरिश प्रजासत्ताकाच्या नावाने लोकांकडून घेतलेलं कर्ज. स्वातंत्र्यलढ्याचे नेते डी व्हॅलेरा तेव्हा अमेरिकाभर फिरत होते. सगळ्यात लहान रोखा १० डॉलरचा, व्याज ५ टक्के. आणि ते सुरू व्हायचं आयर्लंडची भूमी ब्रिटिश फौजेच्या ताब्यातून सुटल्यावर सातव्या महिन्यापासून. म्हणजे घेणाऱ्याने पैसे गेले असंच धरून चालायचं. तरी सुमारे ३ लाख लोकांनी मिळून ५० लाख डॉलरच्या वर रक्कम दिली.

पैसा आला तसा तो कुठे खर्चायचा हा वादही आला. जॉन डेव्हॉय फेनियन म्हणून तुरुंग भोगून १८७१ला अमेरिकेत आलेले, पुढचं सगळं आयुष्य याच कामात घातलेले. त्यांचं आणि अमेरिकेतले आयरिश पुढारी न्यायाधीश कोहालन यांचं म्हणणं, अमेरिकेतला कारभार तिथल्याच लोकांनी बघावा. डी व्हॅलेरांना ते मान्य नव्हतं. इतकं फाटलं की नोव्हेंबर १९२०ला त्यांनी वेगळी संघटनाच काढली. जन्मभर वर्गण्या गोळा करणाऱ्यांना असं डावलणं मला तरी पटत नाही.

लढाई थांबली तेव्हा रोख्यांचा बराच पैसा न्यूयॉर्कच्या बँकांतच पडून होता. नंतर ब्रिटनशी झालेल्या तहावरून आयरिश लोकांतच यादवी युद्ध पेटलं; त्यात फुटलेल्या दोन्ही गटांनी त्यावर हक्क सांगितला, पण १९२७ला न्यूयॉर्कच्या कोर्टाने तो रोखेधारकांना परत करायला लावला. त्यांतल्या अनेकांनी आपला हक्क डी व्हॅलेरांच्या नावे लिहून दिला आणि त्या पैशाच्या आधाराने १९३१ला 'आयरिश प्रेस' हे दैनिक निघालं.