नवी बोल्ट-ॲक्शन, पावसाळ्यातलं लाकूड आणि पाच गोळ्यांचा ग्रुप: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (खानापूर तालुका): सर, नवीन .२२ बोल्ट-ॲक्शन रायफल (बोल्ट हातानं ओढून गोळी भरायची) घेतलोय, लाकडी स्टॉकची म्हणजे दस्त्याची, लायसन्सवर चढवून बी झालं. अमेरिकेतल्या व्हरमिंट रायफलींचे व्हिडिओ बघून मला पण तसंच करून घ्यायचं आहे, जाड बॅरल, नवीन स्टॉक, हलका ट्रिगर, मोठा स्कोप. रेंजवर पहिल्या दिवशी ५० मीटरला तीन गोळ्या एकमेकीला चिकटून पडल्या, मग पाऊस लागला आणि सगळंच वर डावीकडं सरकलं. बॅरल खराब आहे काय? आधी काय बदलू?

उत्तर: आधी काहीच बदलू नका की. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, पाऊस लागला आणि सरकलं. खानापूर, जांबोटी, कणकुंबी ह्या पट्ट्यात पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा ओले लागतात, मग रायफलीचं लाकूड कोरडं राहील कसं? बाहेरनं पॉलिश असते पण बॅरल ज्या खाचेत बसतं ती आतली बाजू बऱ्याच वेळा कच्चीच सोडलेली असते, तिथनं ओल शिरते, लाकूड फुगतं आणि बॅरलला एका बाजूनं ढकलतं. गोळी सुटताना बॅरल थरथरतं, त्या थरथरीला एका अंगानं लाकूड टेकलं की गोळी दुसरीकडं जाणार. उन्हाळ्यात परत जाग्यावर येईल आणि तुम्हाला वाटेल रायफल सुधारली.

बघायचं कसं? रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, बोल्ट काढा, मग एक साधा कागद बॅरल आणि स्टॉकच्या मधनं घालून मागं रिसीव्हरपर्यंत, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागापर्यंत, सरकवत न्या. कुठं अडकला तर तिथं लाकूड टेकतंय. ते तासून बॅरल मोकळं करणं म्हणजेच फ्री-फ्लोट. तासल्यावर उघडं पडलेलं लाकूड आतनं नीट सील करून घ्या, आपल्याकडच्या हवेत हे दुसरं काम पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच लोक विसरतात. ॲक्शनचे, म्हणजे रिसीव्हर आणि बोल्टच्या भागाचे, स्क्रू ज्या लाकडावर घट्ट होतात ते दबत असेल तर इपॉक्सीचं बेडिंग करून घ्यायचं, म्हणजे ॲक्शन दर वेळी त्याच जाग्यावर त्याच दाबानं बसते. पण हे लायसन्स असलेल्या गनस्मिथकडंच करा, घरात सुताराला बोलवून नको, शस्त्र कायदा १९५९ प्रमाणं दुरुस्ती आणि फेरफाराच्या धंद्याला वेगळं लायसन्स लागतं. बॅरल कापून आखूड करायचा विचार तर डोक्यातनंच काढा, त्याला त्याच कायद्याचं कलम ६ आडवं येतं, आणि सायलेन्सर हा निषिद्ध गटात येतो.

आता जाड बॅरलचं. अमेरिकेत प्रेअरी डॉग, ग्राउंडहॉग असले शेताची नासधूस करणारे छोटे प्राणी लांबनं मारायला ह्या व्हरमिंट रायफली निघाल्या. एका जाग्यावर बसून एकामागनं एक गोळ्या सुटतात, बॅरल तापतं आणि बारीक बॅरल तापलं की गोळी सरकायला लागते म्हणून जाड बॅरल. त्यातनं .२२-२५० ह्या मोठ्या काडतुसाची ५५ ग्रेन (साधारण साडेतीन ग्रॅम) वजनाची गोळी सेकंदाला ११०० मीटरच्या आसपास वेगानं जाते. तुमची .२२ लाँग रायफल साधारण ३३० मीटरनं जाते, दारू चिमूटभर, ती बॅरल तापवणार किती? म्हणून तुमच्या कामाला जाड बॅरलवर पैसे घालायची गरजच नाही. ते पैसे गोळ्यांवर घाला. .२२ ला सगळ्यात जास्त फरक गोळीच्या लॉटनं, म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेल्या मालानं, पडतो, हे मी ठामपणे सांगतो. दोन-तीन ब्रँडच्या पेट्या आणा, जी तुमच्या रायफलीला मानवते तिचा एकच लॉट धरून टेस्ट करा.

आणि तीन गोळ्यांच्या ग्रुपवर, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या झुपक्यावर, जीव लावू नका हो. तीन गोळ्या योगायोगानं पण चिकटून पडतात. पाच-पाच गोळ्यांचे निदान चार-पाच ग्रुप मारा, सगळे जपून ठेवा, खराब दिसणारा फाडून टाकायचा नाही, त्यांची सरासरी म्हणजे तुमची रायफल. मग एक गोष्ट बदला, एकच, परत तेवढेच ग्रुप मारा. स्टॉक, ट्रिगर, स्कोप सगळं एका दमात बदललात तर कशानं सुधारलं ते कुणालाच कळणार नाही. कागदावर तारीख, लॉट नंबर, वारा आणि पाऊस होता का ते लिहा. ट्रिगर सगळ्यात शेवटी, आणि एवढा हलका नको की बोल्ट जोरात बंद केला तर सुटेल.

प्रश्न (निपाणी): काका, स्कोप बसवलो पण झिरो होईना, म्हणजे नेम धरलेल्या जागी गोळी पडेना, क्लिक फिरवून फिरवून गोळ्या संपायल्यात. किती क्लिक फिरवायचे ह्याचा काय हिशोब आहे का?

उत्तर: आहे की, आणि सोपा आहे. स्कोपवर पाव एमओए (एमओए म्हणजे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) लिहिलं असेल तर एक क्लिक १०० मीटरला सुमारे ७ मिलिमीटर, ५० ला साडेतीन आणि २५ ला पावणेदोन. सुरुवात २५ मीटरवर करा, मग ५० ला जा. पाच गोळ्या मारा, त्या पाचांचा मध्य काढा, ५० ला तो ३ सेंटीमीटर खाली असेल तर आठ क्लिक वर. एकेका गोळीमागं क्लिक फिरवत बसलात तर पेटीच्या पेटी संपेल आणि झिरो काय होणार नाही, तुमचं नेमकं हेच चाललंय असं वाटतंय. त्याआधी माउंटचे स्क्रू तपासा, ढिला स्कोप कधीच झिरो होत नाही. आणखी एक, मोठ्या रायफलीचे बरेच स्कोप १०० यार्डाच्या पॅरॅलॅक्सवर सेट असतात, ५० मीटरवर डोळा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवर हलल्यासारखी दिसते. .२२ साठी पॅरॅलॅक्स ॲडजस्ट होणारा स्कोप घ्या, मॅग्निफिकेशन थोडं कमी असलं तरी चालतंय.

वाऱ्याचं पण धरा. उघड्या माळावरच्या रेंजला ताशी १५-१६ किलोमीटरचा आडवा वारा असला तर ५० मीटरला गोळी दोन-अडीच सेंटीमीटर सरकते. ऑलिंपिकच्या ५० मीटर टार्गेटवर दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं असतं! तुमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ह्याच अंतरावर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्रॉन्झ मारलं, ते पण स्कोपशिवाय, कारण त्या खेळात मोठं करून दाखवणारी काच चालत नाही. त्यामुळं वारं पडायची वाट बघा, सकाळी लवकर जा, आणि मगच झिरो पक्का करा.

प्रश्न (चिक्कोडी): उसात रानडुकरं घुसायल्यात, सगळं उलथून टाकतात. ही .२२ घेऊन रात्री बसलो तर चालेल काय?

उत्तर: नाही. तुमचं नुकसान मला कळतंय, पण नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहे. उभ्या पिकाला धोका असला तरी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी ऑर्डर देतो तेव्हाच मारता येतं. खेळासाठी मिळालेलं लायसन्स म्हणजे ती परवानगी नव्हे. आणि .२२ ची गोळी मोठ्या डुकराला मारत नाही, जखमी करते, ते उसात तडफडत राहतं नाहीतर सकाळी पाणी सोडायला आलेल्या माणसावर धावून जातं. नुकसानीचे फोटो काढा, फॉरेस्ट खात्याकडं भरपाईचा अर्ज टाका, ग्रामपंचायतीतल्या आणखी शेतकऱ्यांना बरोबर घ्या.

प्रश्न (बेळगाव शहर): दर वेळी रेंजवरनं आल्यावर बॅरल घासून घासून स्वच्छ करतो, तरी पुढच्या वेळी पहिल्या काही गोळ्या कुठंपण जातात. का?

उत्तर: घासता म्हणूनच. .२२ च्या शिशाच्या गोळीला मेणाचा किंवा ग्रीसचा हात असतो, त्याचा पातळ थर बॅरलमध्ये बसला की रायफल ठिकाणावर येते. तुम्ही तो थर दर वेळी काढता. ग्रुप मोठा व्हायला लागला की साफ करा, एरवी चेंबर (गोळी बसते ती जागा) आणि बोल्ट पुसला तरी पुरे, फक्त पावसाळ्यात बाहेरच्या लोखंडाला तेलाचा हात द्या आणि फोमच्या केसमध्ये बंद करून ठेवू नका, ओल धरते. रॉड घालायचा तो बोल्ट काढून मागच्या बाजूनं, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून. तोंडाकडनं रॉड घातला की क्राउन, म्हणजे बॅरलच्या तोंडाची कड, घासतो, आणि क्राउनला एका बाजूनं ओरखडा पडला की गोळी सुटताना गॅस वाकडा निसटतो. साफ केल्यावर टार्गेटवर जायच्या आधी मागच्या मातीच्या बंडवर दहा-पंधरा गोळ्या मारून घ्या, त्या ग्रुपमध्ये धरू नका.