केसपेपर मुलाचा आणि तुमचाही

प्रिय भगिनी,

गुहागर तालुक्यातून पाठवलेले तुमचे पत्र मिळाले. मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नाही आणि हाक मारल्यावर वळून पाहत नाही. यजमान नोकरीसाठी मुंबईत, आणि सासूबाईंचे म्हणणे, ‘त्याचा बापूसही उशिराच बोलला.’ गेले दोन महिने तुम्हाला पहाटे तीनला जाग येते, मुलाला जवळ घ्यावेसेही वाटत नाही, आणि ‘सगळ्यातून सुटावे’ असे मनात येते. ‘मी वाईट आई आहे म्हणूनच तो असा झाला का?’ असे तुम्ही विचारता.

तसे नाही. ऐकू कमी येणे, स्वमग्नता (ऑटिझम), जन्माच्या वेळची गुंतागुंत अशा अनेक कारणांनी मूल मागे पडते; आईच्या उदासीने ना बहिरेपण येते ना स्वमग्नता. खरे आहे ते एवढेच, की मन खचलेली आई मुलाशी कमी बोलते, आणि अशा मुलाला घरातल्या बोलण्याचीच सर्वांत जास्त गरज असते. म्हणून तुमचा उपचार ‘मुलाचे मार्गी लागल्यावर बघू’ असा मागे ठेवू नका.

दोन वर्षांपर्यंत मूल साधारणपणे दोन शब्द जोडून बोलू लागते, त्यामुळे आता वाट पाहणे योग्य नाही. प्रथम कानांची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू असून त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. पण त्याच्या फेरीसाठी थांबू नका, आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगून शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी मागा. या कार्यक्रमात अशी केंद्रे जिल्हा पातळीवर असतात आणि तिथे वाचा, श्रवण, हालचाल व वर्तन यांची तपासणी आणि उपचार विनामूल्य होतात. सासूबाईंनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले आहे, ते असू द्या. त्यासाठी तपासणीची तारीख मात्र पुढे ढकलू नका.

तिथले तज्ज्ञ जे शिकवतील, त्याचा सराव घरीच करायचा असतो. पेजेची वाटी लगेच त्याच्या हातात देऊ नका. त्याच्यासमोर बसा, वाटी आपल्या चेहऱ्याजवळ धरा, ‘पेज’ म्हणा आणि थोडे थांबा. त्याने पाहिले, हात पुढे केला किंवा नुसता आवाज काढला, तरी वाटी द्या. हे दिवसातून अनेकदा करायचे म्हणजे धीर हवा, आणि पहाटे तीनपासून जाग्या असलेल्या बाईकडे तो कुठून यावा?

झोप उडणे, कशातच मन न लागणे आणि स्वतःला दोष देत राहणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ते नैराश्य असण्याची शक्यता असते, आणि नैराश्य उपचारांनी बरे होते. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचे नाव निघाले की आपल्याकडे माणसे आवाज खाली करतात. पण तुमच्यासारख्यांना बहुधा भरती व्हावे लागत नाही, समुपदेशन आणि गरज पडल्यास गोळ्या पुरतात. बाळ अजून अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, म्हणजे ते त्याप्रमाणे औषध निवडतील. मुलाला न्याल त्याच दिवशी तुमचाही केसपेपर काढा.

‘सुटावे’ हे वाक्य मी गंभीरपणे घेते. जीव द्यावा किंवा मुलालाही सोबत न्यावे, असे मनात येत असेल, तर एकट्या राहू नका. शेजारच्या कोणालातरी तसे स्पष्ट सांगून बोलावून घ्या आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीत बोलता येते. स्वतःला आवरता येणार नाही असे वाटले, तर फोनवरही वेळ न घालवता कोणाला तरी सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा.

यजमानांना हे पत्र वाचून दाखवा. गणपतीसाठी राखून ठेवलेल्या रजेतले दोन दिवस त्यांनी आताच काढावेत आणि पहिल्या खेपेला सोबत यावे. मुलाच्या लहानपणाबद्दल डॉक्टर जे विचारतील, ते सारे तुम्ही एकटीनेच आठवून सांगायचे, हा भार तुमच्यावर नको. माता-बालक कार्ड तेवढे सोबत घ्या.

तुमची ताई