पोळीभाजी केंद्रासाठी ‘कंपोस्टेबल’ डबे घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की दादरला पोळीभाजी केंद्र सुरू करताना ‘इको-फ्रेंडली’ लिहिलेले महागडे डबे घ्यावेत का. नुसत्या त्या शब्दावर घेऊ नका. कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे आणि उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. विक्रेत्याकडे त्याची प्रत मागा.

पण खरी अडचण पुढे आहे. हे मानक औद्योगिक कंपोस्टिंगच्या, म्हणजे मोठ्या खत प्रकल्पातल्या, उष्णतेत विघटन होतं का, ते पाहतं. डबा सुक्या कचऱ्यात मिसळून देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर गेला, तर ती परिस्थिती त्याला मिळतच नाही. पैसे मात्र तुमचे जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चांगल्या मनाने खर्च करणारे छोटे धंदेवालेच यात भरडले जातात.

कायद्याचं थोडक्यात: १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या प्लेट, ग्लास, चमचे, स्ट्रॉ देशभर बंद आहेत. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या पॅकेजिंग नियमांनुसार अन्न वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे. छपाईच्या शाईतली रसायनं गरम, तेलकट भजीत उतरतात. वडापाववाल्यांनाही हे सांगा, प्लीज.

तुमची गिऱ्हाइकं रोजची, आसपासची असतील तर मी स्टीलचे डबे सुचवेन. अनामत घ्या, डबा परत आला की पैसे परत. मुंबईत घरचा डबा ऑफिसात जाऊन रिकामा परत येण्याची व्यवस्था शतकाहून जुनी आहे, लोकांना वेगळं शिकवावं लागणार नाही. पोळ्यांना बटर पेपर पुरतो.