पुण्याच्या प्रयोगशाळेत रुजू होण्याआधी

म्हापशाहून थेट पुण्याच्या एचईएमआरएलमध्ये, म्हणजे डीआरडीओच्या स्फोटकांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत, अभिनंदन! सुरुवातीला एवढंच सांभाळ.

१. स्थिर वीज. आपल्या गोव्याच्या दमट हवेत ती फारशी जाणवत नाही. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात नायलॉनचा शर्ट काढताना तडतडते. तेवढी ठिणगी काही स्फोटकांना पुरते. सुती कपडेच घाल, आणि अर्थिंग तपासल्याशिवाय नमुन्याला हात लावू नकोस.

२. नमुना मिलिग्रॅममध्येच. ‘थोडा जास्त घेऊ’ ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

३. आघात-चाचणीत नमुन्यावर उंचावरून वजन पाच वेळा पाडून काही झालं नाही, म्हणून पदार्थ सुरक्षित ठरत नाही. निम्म्या वेळा स्फोट होतो ती उंची काढायची, आणि त्याच यंत्रावर आरडीएक्सशी ताडून बघायची.

स्फोटाचा वेग, दाब वगैरे नंतर शिकशील. शंका आली की हात थांबव आणि बिनधास्त विचार.