लॅव्हनमच्या चर्चचा मागचा भाग एवढा बुटका आणि बाकीचं चर्च एवढं भव्य, असं का?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या लॅव्हनम गावचं सेंट पीटर अँड सेंट पॉल चर्च बघितलं, पूर्वेकडचा अल्टारचा म्हणजे पूजेच्या वेदीचा भाग बुटका, त्याच्या डोक्यावरून वर निघालेलं बाकीचं चर्च आणि पश्चिमेला तो प्रचंड मनोरा, हे सगळं एका हातचं काम वाटत नाही. आणि दुसरा प्रश्न, संरक्षित इमारत असून अशा चर्चमध्ये आत बदल कसे करू देतात. मी केंब्रिजला राहतो, सुट्टीत या भागातली जुनी चर्च बघत फिरतो, आणि लॅव्हनम माझं सगळ्यात आवडतं, त्यामुळे जरा मोठंच उत्तर लिहितोय.

एका हातचं काम नाहीच आहे ते. अशा चर्चसमोर उभं राहिलं की लोक आधी कमानीचा आकार बघतात, गोल म्हणजे नॉर्मन, टोकदार म्हणजे गॉथिक वगैरे. ते बरोबरच आहे, पण माझ्या मते त्याच्याआधी विचारायचं की पैसे कोणी दिले. कारण मध्ययुगीन इंग्लंडमध्ये साधारण १३व्या शतकापासून पद्धत अशी पडली होती की चॅन्सल, म्हणजे जिथे अल्टार असतो आणि पाद्री विधी करतो तो भाग, नीट ठेवायची जबाबदारी रेक्टरची, म्हणजे गावच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा ज्याच्याकडे जायचा त्याची, आणि नेव्ह म्हणजे लोकांची जागा (लोक तेव्हा बहुतेक उभेच असायचे, बाकं हळूहळू नंतर आली) ती गावकऱ्यांनी सांभाळायची. वाटणी झालेल्या वाड्यात एका भावाने आपल्या बाजूला नवा मजला चढवावा आणि दुसऱ्याची बाजू आजोबांच्या वेळची तशीच राहावी, तसं होतं हे. म्हणून इंग्लंडभर अशी कितीतरी चर्च दिसतात जिथे चॅन्सल जुनं आणि लहान आणि नेव्ह नंतरचं आणि दिमाखदार.

लॅव्हनमचं चॅन्सल १३४० च्या सुमाराचं आहे, डेकोरेटेड म्हणतात त्या नक्षीदार गॉथिक शैलीतलं, आणि चॅन्सलच्या तोंडाशी असलेला लाकडी कोरीव पडदाही त्याच शतकातला. बाकीचं चर्च जे तुम्हाला भव्य वाटलं ते जवळजवळ दीडशे वर्षांनंतर, साधारण १४८५ ते १५२५ मध्ये उभं राहिलं, आणि तोपर्यंत हे गाव निळ्या लोकरी कापडावर इतकं श्रीमंत झालं होतं की १५२४ च्या कराच्या यादीत ते इंग्लंडमधल्या पहिल्या पंधरा श्रीमंत गावांत बसत होतं! आज तिथे गेलं की खरं वाटत नाही.

पैसा मुख्यतः दोन ठिकाणांहून आला. एक जॉन डी व्हिअर, ऑक्सफर्डचा १३वा अर्ल, जो १४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडरच्या (ही लढाई जिंकून तो राजा झाला) आघाडीच्या तुकडीचा सेनापती होता, आणि दुसरा थॉमस स्प्रिंग, कापडाचा व्यापारी, प्रचंड पैसेवाला, जो १५२३ मध्ये वारला आणि मनोरा पुरा करायला मृत्युपत्रात २०० पौंड ठेवून गेला. एक सरदार आणि एक व्यापारी, आणि दोघांनीही आपली खूण दगडात कोरून घेतली. दक्षिणेच्या दारावर रानडुक्कर दिसेल, ते डी व्हिअरचं, चांदणीसुद्धा त्याचीच. मनोऱ्याच्या पायथ्याशी स्प्रिंगची व्यापारी खूण आहे, म्हणजे जी तो कापडाच्या गठ्ठ्यांवर मारायचा त्या प्रकारची, आणि वर कठड्यावर बघितलं तर तिथे त्याच घराण्याचं सरदारी थाटाचं कुलचिन्ह पुन्हा पुन्हा कोरलेलं. पायापासून माथ्यापर्यंत मनोरा चढला आणि त्यासोबत एक कुटुंबही चढलं. मला इंग्लंडमधल्या कुठल्याच इमारतीत हे इतकं स्पष्ट वाचता आलेलं नाही.

या नंतरच्या भागाची शैली पर्पेंडिक्युलर. खिडक्यांचे दगडी दांडे सरळ वरपर्यंत जातात, कमानी चपट्या होत जातात, खांब सडपातळ, आणि भिंतीच्या वरच्या पट्ट्यात खिडक्यांची सलग रांग, तिला क्लिअरस्टोरी म्हणतात, त्यामुळे आत एवढा उजेड. नेव्हचं काम जॉन वास्टेलचं असावं असं अभ्यासकांचं मत आहे, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलचा गवंडी तोच, आणि दोन्ही पाहिलेत तर ते पटतं. मनोरा १४१ फूट, म्हणजे सुमारे ४३ मीटर. सफकमध्ये बांधकामाला चांगला दगड मिळत नाही, मिळतो तो फ्लिंट, चकमकीचा दगड, तोच फोडून त्याचा काळा चकचकीत चेहरा बाहेर ठेवून भिंतीत बसवलाय आणि कोपऱ्यांना, खिडक्यांना, कोरीव कामाला चुनखडीचा दगड बाहेरून आणलाय. मनोऱ्याला हात लावून बघा पुढच्या वेळी.

मग एवढा पैसा होता तर चॅन्सल पाडून नवं का नाही बांधलं? एकतर वर सांगितलं ते, जबाबदारी वेगळ्या माणसाची. आणि नंतर कापडाचा धंदाच बसला, गाव गरीब झालं, पुढच्या पिढ्यांकडे पाडून बांधायला पैसेच नव्हते, म्हणून चर्चही राहिलं आणि आजूबाजूची ती वाकडी लाकडी घरंही.

आता संरक्षणाचं. हे चर्च ग्रेड वन आहे, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा, आणि इंग्लंडमधल्या ग्रेड वन इमारतींपैकी जवळपास ४५ टक्के चर्च ऑफ इंग्लंडचीच चर्च आहेत. पण गंमत अशी की वापरात असलेल्या चर्चला बदलासाठी सरकारची ती लिस्टेड म्हणजे संरक्षित इमारतीची परवानगी लागत नाही, त्यांची स्वतःची वेगळी व्यवस्था आहे. प्रत्येक बिशपच्या क्षेत्रात चर्चचं कोर्ट असतं, त्याच्या न्यायाधीशाला चॅन्सलर म्हणतात, आणि बाकं काढायची असोत, टॉयलेट बसवायचं असो की नवी काच, त्याच्याकडून फॅकल्टी नावाची परवानगी घ्यावी लागते. मोठं काम असेल तर हिस्टॉरिक इंग्लंडसारख्या वारसा जपणाऱ्या संस्थांचं मतही घेतात. बाहेरून रूप बदलणार असेल तर नेहमीची प्लॅनिंग परमिशन वेगळी. म्हणजे मोकळं रान नाहीये, फक्त दरवाजा वेगळा आहे. माझं मत विचाराल तर ही पद्धत चांगलीच आहे, कारण ज्या इमारतीत रविवारी माणसं येतात ती जिवंत राहते आणि तिचं छप्पर गळायला लागलं की कोणाच्यातरी लक्षात येतं.

आणि ती चॅन्सलची जुनी जबाबदारी अजून पूर्ण संपलेली नाही बरं का. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा सगळ्यात वरचं कोर्ट तेच होतं) वॉरिकशरमधल्या एका शेतजमिनीच्या मालकांविरुद्ध निकाल दिला, त्यांची जमीन जुन्या रेक्टरच्या हक्काची होती म्हणून गावच्या चर्चच्या चॅन्सलच्या दुरुस्तीचा खर्च त्यांच्यावर आला, सुरुवातीची मागणीच ९५,००० पौंडांच्या वर होती. त्यानंतर इथे घर घेताना वकील हे आवर्जून तपासायला लागले, माझ्याही वेळी तपासलं होतं.